दुपारी घरी कोण असतं?

मे महिन्यात गोंदियाहून गावी पोचलं की पहिले दोन तास कोणी कोणाशी फारसं बोलत नाही. झळा आत शिरू नयेत म्हणून दारं लोटलेली असतात आणि ज्याला जिथे गारवा सापडेल तिथे तो आडवा झालेला असतो. ऊन कललं, काकाजींनी अंगणात पाणी शिंपडलं, बाज बाहेर ओढली, आणि मग मी आठ दिवस मनात घोळवलेला विषय काढला. माझ्या मुलाला कुत्रा हवा आहे. तो सहावीत आहे, एकुलता आहे, आणि त्याला हवा तो गोल्डन रिट्रीव्हरच. खरं सांगायचं तर मलाही तोच हवा आहे.

काकाजींना विचारायचं ते केवळ घरातले मोठे म्हणून नव्हे. पशुधन पर्यवेक्षक म्हणून त्यांनी गोरेगाव, सडक अर्जुनी, देवरी, सालेकसा हे तालुके आधी सायकलवर आणि मग लुनावर पालथे घातले. गाई-म्हशींच्या लशी, बैलांचे खूर, शेळ्यांची बाळंतपणं, आणि अधूनमधून कुत्री. नोकरीने इतकं फिरवलं, तरी बोली गावचीच राहिली.

"किती केस असतात त्याले, पाह्यलं काय?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"पाहिलं."

"दोन थर असतात. वरचे लांब केस, खाली लोकर. थंडीसाठी देवानं दिलेलं कांबळं आहे ते."

"देवानं नाही काकाजी, माणसानं दिलं," मी म्हटलं. मला तेवढीच वाट हवी होती. कारण या कुत्र्याचा इतिहास मी गेल्या काही महिन्यांत इतका वाचला होता की तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नव्हतं.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, इनव्हर्नेसपासून आत डोंगरांत, ग्लेन अफ्रिकच्या बाजूला गुइसाचन नावाची जहागीर होती. तिचे मालक डडली मार्चबँक्स. पुढे १८८१ साली ते लॉर्ड ट्वीडमाउथ झाले. शिकारीचे शौकीन. बंदुकीत मागून काडतूस भरायची सोय त्याच सुमारास रुळली होती, बार लांबवर जायला लागला होता, आणि पाडलेला पक्षी दूर तळ्यात नाहीतर झुडपात जाऊन पडायचा. तो शोधून, न चुरगाळता, हातात आणून देणारा कुत्रा हवा होता. १८६५ साली ब्रायटनमध्ये जोडे शिवणाऱ्या एका कारागिराकडून त्यांनी एक पिवळा कुत्रा घेतला. नाव नाउस. काळ्या पिल्लांच्या वेतात हा एकटाच पिवळा निघालेला. १८६८ साली त्याचा जोड लावला बेल नावाच्या कुत्रीशी. ती ट्वीड वॉटर स्पॅनियल, म्हणजे ट्वीड नदीकाठच्या पाणकुत्र्यांच्या जातीची. ती जात आता जगात उरलेली नाही. या जोडीला चार पिवळी पिल्लं झाली. क्रोकस, काउस्लिप, प्रिमरोझ आणि एडा. पहिली तीन नावं फुलांची.

काकाजी बाजेवर उठून बसले. "हे सारं कोनी लिहून ठेवलं?"

"त्यांनीच. कुत्र्यांची नोंदवही होती. १८३५ पासून १८९० पर्यंतच्या नोंदी आहेत तिच्यात."

"पंचावन्न वर्सं एकच रजिस्टर?"

ही गोष्ट त्यांना भिडली. लसीकरणाचं रजिस्टर, रेतनाचं रजिस्टर, औषधसाठ्याचं रजिस्टर, असं त्यांचं आयुष्य रेघा आखण्यात गेलेलं. मी त्यांना पुढचं सांगितलं. कितीतरी वर्षं लोक असं मानत होते की मार्चबँक्स यांनी एका रशियन सर्कशीतून कुत्र्यांचा आख्खा ताफा विकत घेतला आणि त्यातून ही जात आली. गोष्ट रंगतदार होती, म्हणून टिकली. १९५२ साली या नोंदवहीतला तपशील छापून आला आणि सर्कस खोटी ठरली.

"रजिस्टर असलं म्हनजे असं होते," काकाजी म्हणाले, आणि थोडा वेळ त्यांच्या आवाजातला विरोध कमी झाला. पण थोडाच वेळ. "तिथला उन्हाळा किती?"

"पारा विशीच्या आसपास असतो."

"आन आपला?"

मी उत्तर दिलं नाही. त्या दिवशी दुपारी पंचेचाळीसला टेकला होता. पाण्याच्या रांजणाखाली सतत पाझरून माती ओली राहते. तिथे मोत्याने खळगा उकरून पोट टेकलं होतं. मोत्या काकाजींचा गावठी कुत्रा. तांबूस, आखूड केसांचा, उभ्या कानांचा. तो खळगा त्याला कोणी शिकवला नाही. होळी सरली की तो दर वर्षी उकरतो, आणि काकाजी दर वर्षी मृगात बुजवतात.

"ते राहू दे. स्वभावाचं बोल," मीच म्हटलं. माझं बळ तिथे होतं. "राखणीचा कुत्रा आणि हा कुत्रा यांत फरक आहे. राखणीच्या कुत्र्यानं परक्यावर धावून जावं म्हणून त्याला निवडतात. याला निवडला तो माणसाशेजारी तासन्‌तास गप्प बसावा म्हणून. बंदुकीचा आवाज झाला तरी बिचकू नये. सांगितल्याशिवाय उठू नये. पाण्यात उडी टाकावी, पक्षी तोंडात धरावा, पण दात रुतवू नयेत. मऊ तोंडाचा कुत्रा म्हणतात त्याला. आणि सगळ्यात अवघड म्हणजे तोंडातलं सोडून द्यावं, माणसाच्या हातात द्यावं. भुकेल्या जनावराकडून हे करून घेणं म्हणजे काय, तुम्हीच सांगा. लेकरानं कान ओढला, शेपटीवर पाय दिला, तरी हा सोसतो, ते उगाच नाही. पिढ्यान्‌पिढ्या तेच निवडलं आहे."

"मोत्यानं आजवर कोनत्या लेकराले चावलं?"

"नाही चावला."

"त्याच्या आईनं? तिच्या आईनं?"

"नाही."

"मंग?"

इथे मला एक कबूल करावं लागलं. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांवर कुत्र्यांच्या वागण्याबद्दल त्यांच्या मालकांना विचारलं, काही हजार कुत्र्यांचा जनुकांचा नकाशा तपासला. निघालं असं की एकेका कुत्र्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम नऊ टक्के भाग जातीवरून सांगता येतो. बाकीचा त्या त्या कुत्र्याचा आणि त्याला मिळालेल्या घराचा. चिडका गोल्डन असू शकतो आणि मायाळू गावठी तर गल्लोगल्ली असतात. पण त्याच अभ्यासात हेही आहे की माणसाचं ऐकणं, त्याच्या इशाऱ्यावर वळणं, हा गुण इतर गुणांपेक्षा जातीशी जास्त बांधलेला आहे. गोल्डनचं बळ नेमकं तिथे आहे, असं मी म्हटलं.

"ऐकते, हे मी मानतो," काकाजी म्हणाले. "पन ऐकनारा कुत्रा म्हनजे कोनी तरी सांगनारा पाहिजे. दुपारी घरी कोन असते तुमच्या?"

हा प्रश्न मी ऐकला न ऐकल्यासारखा केला. आत जाऊन चहा ठेवला.

चहा घेताना त्यांनी एक प्रसंग सांगितला. मी त्यांची पुतणी असून तो मला कधी ठाऊक नव्हता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. तेव्हा शहरांतून पांढऱ्याशुभ्र केसाळ कुत्र्यांची हौस आली होती. लोक त्यांना पामेरियन म्हणत. खरं तर ती बहुतेक स्पिट्झ असायची. 'हम आपके हैं कौन'मधला टफी तसाच, आणि त्या सिनेमानंतर तर ती हौस तालुक्याच्या गावापर्यंत पोचली. एका घरचे लोक लग्नाला गेले. कुत्र्याला गच्चीवर बांधून गेले, शेजारी पाण्याची वाटी ठेवून. वाटी तासाभरात कलंडली असेल नाहीतर आटली असेल. संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्याला काकाजींकडे आणलं.

"थर्मामीटर लावला तर पारा शेवटाले. एकशे दहाच्या वर त्याच्यावर आकडाच नोहता. जीभ जांभळी. ओली पोती टाकली, पंखा लावला, सलाइन लावलं. जीव राह्यला नाई. त्या घरची पोरगी दुसऱ्या दिवशी आली. दहा-बारा वर्सांची. मले विचारते, त्याले दुखलं काय? काय सांगू?"

काकाजी सहसा एवढं सलग बोलत नाहीत. कपातला चहा तसाच निवला.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजाच्या गाद्यांवर, आणि त्या फारशा कामाच्या नाहीत. उष्णता बाहेर टाकायची ती धापा टाकून, जिभेवरून आणि श्वासातून वाफ करून. हवाच तापलेली असली तर धापा टाकूनही भागत नाही. त्याचं नेहमीचं तापमान एकशे एक ते एकशे अडीच फॅरनहाइट. एकशे सहाच्या पुढे गेलं की आतले अवयव होरपळू लागतात. तीस किलोचा गोल्डन, अंगावर दुहेरी केसांचा थर. आमच्या जिल्ह्यात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मृगाचा पाऊस येईपर्यंत त्याला कसं ठेवायचं, हा प्रश्न हौसेनं सुटणारा नाही.

"उन्हाळ्यात केस भादरून टाकले तर?" मी विचारलं.

"तसं करू नको. खालची लोकर विंचरून काढ, रोज काढ. वरचे केस राहू दे, ते ऊन अडवतात. भादरलं तर कातडी भाजते, आन केस मंग पह्यल्यासारखे येतच नाई कधी कधी. पहाटे पाच-साडेपाचला फिरव, नाईतर रात्री. सडकेवर हाताचा पंजा ठेवून पाह्य. तुले ठेववत नसन तर त्याले चालवू नको."

माझ्या लक्षात आलं की 'आणू नको'वरून बोलणं 'आणलास तर असं कर'वर आलं आहे. मी ते बोलून दाखवलं नाही.

तेवढ्यात मुलगा आणि मोत्या दोघे बोडीकडे निघाले. बोडी म्हणजे आमच्याकडचं छोटं तळं, शेताच्या वरच्या अंगाला बांध घालून केलेलं. हा जिल्हा तळ्यांचाच. कोहळी लोकांनी खोदलेले, पुढे मालगुजारी म्हणून ओळखले गेलेले तलाव, नवेगावबांधचं विस्तीर्ण पाणी, शेकडो बोड्या. मे महिन्यातही आमच्या बोडीत कमरेएवढं पाणी होतं. ती दोघं पाण्यात उतरताना पाहून माझी कल्पना धावली. मी म्हटलं, "काकाजी, तुम्ही उन्हाचं बोलता ते खरं. पण हा पाण्याचा कुत्रा आहे. त्याच्या रक्तात पाणकुत्रा आहे, केसांवरून पाणी ओघळून जातं. अख्ख्या महाराष्ट्रात याला शोभेल असा जिल्हा कुठला असेल तर तो आपलाच. पाणी आहे, पाणपक्षी आहेत."

"पाखरं आहेत म्हनूनच तर नाई!" काकाजी जवळपास ओरडलेच. "पाखरामागं जानारा कुत्रा तू सारसाच्या जिल्ह्यात आनशीन?"

यावर माझ्याजवळ खरंच काही नव्हतं. महाराष्ट्रात सारस उरले आहेत ते मुख्यतः गोंदियात आणि थोडे शेजारच्या भंडाऱ्यात. माणसाच्या खांद्याशी खांदा लावेल असा हा पक्षी पावसाळ्यात धानाच्या बांधीत किंवा तळ्याच्या उथळ पाण्यात गवताचा ढीग रचून घरटं करतो, आणि त्यात बहुधा दोनच अंडी घालतो. त्याची संख्या इतकी घसरली की २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन याचिका दाखल करून घेतली. मोकळे कुत्रे हा या घरट्यांना असलेल्या धोक्यांपैकी एक आहे. गोल्डन अंडं फोडणार नाही कदाचित. मऊ तोंडाचा आहे तो. पण तो पळत गेला तरी जोडी घरट्यावरून उठणार, आणि उघड्या अंड्यांवर कावळे टपलेलेच असतात.

"मोत्या जातो की बोडीत," मी तरी म्हटलं.

"जाते. आता जाते. रोवनी झाली का मी त्याले बांधतो. खालच्या बांधीत मागं जोडी आली होती. दोन महिने बांधला, रात्रभर रडे. पन बांधला."

हे मला माहीत नव्हतं. मोत्या आयुष्यभर मोकळा असतो असंच मी धरून चालले होते.

मग ते लशींवर आले, आणि तिथे त्यांना थांबवणं अवघड होतं. नागझिरा काही कोसांवर. २०१३ पासून नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आहे, त्यात रानकुत्र्यांचे कळप आहेत. गावच्या कुत्र्याचा डिस्टेंपर रानात शिरला तर काय होतं याची धास्ती काकाजींना जुनीच. २०१८ साली गुजरातेत गिरच्या जंगलात वीसहून जास्त सिंह मेले आणि त्यांतल्या काहींच्या अंगात हाच विषाणू सापडला, तेव्हा निवृत्तीनंतरही त्यांनी गावातल्या कुत्र्यांना लस टोचून घ्यावी म्हणून दारोदार सांगत फिरायला घेतलं होतं. पिल्लाला दीड-दोन महिन्यांपासून डिस्टेंपर आणि पार्व्होची लस, तिचे पुढचे डोस, तीन महिन्यांचं झालं की रेबीजची, मग दर वर्षी. पावसाळ्यात गोचीड. लांब केसांत गोचीड दिसत नाही, ती बोटांनी चाचपून काढावी लागते. कानामागे, बगलेत, पंजाच्या बेचक्यांत. गोचीडतापात कुत्रा दोन दिवसांत पांढराफटक पडतो. ओल्या केसांखाली कातडी सडते ती वेगळीच.

मीही माझ्याकडून जे लपवण्यासारखं होतं ते सांगून टाकलं. या जातीत कर्करोगाचं प्रमाण फार आहे. अमेरिकेत २०१२ साली एक अभ्यास सुरू झाला, तीन हजारांहून जास्त गोल्डन कुत्र्यांच्या जन्मभराच्या नोंदी ठेवण्याचा, तो मुख्यतः याचसाठी. खुब्याचे सांधे सैल असतात. आयुष्य दहा-बारा वर्षांचं. मुलाचं कॉलेज संपेल तेव्हा कुत्रा म्हातारा झालेला असेल.

"पुन्हा रजिस्टर," काकाजी एवढंच म्हणाले.

पिल्लू कुठून आणायचं यावर आमचं दुमत नव्हतं. २०१७ च्या नियमांप्रमाणे पैदास करणाऱ्याची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. तरीही महिन्याभराची पिल्लं टोपलीत घालून विकली जातात, दूध तुटलेली, जंतांनी पोट फुगलेली. आईला पाहिल्याशिवाय पिल्लू घ्यायचं नाही, असं काकाजींनी बजावलं. आई अंगाशी येते की कोपऱ्यात दबते, ते पाहायचं. स्वभाव कळायचा तर तिथेच.

अंधार पडायला लागला होता. बोडीवरून दोघं परतली. मुलगा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला, मोत्या थेंब झाडत. मोत्याने तोंडात एक चप्पल धरली होती. मुलाची; चिखलात रुतून बसलेली. त्याने ती माझ्यापुढे आणली, थोडा घुटमळला, आणि काकाजींच्या पायाशी नेऊन टाकली. कोणी काही बोललं नाही. काकाजींनी चप्पल उचलून पाहिली. पट्ट्यावर दाताची खूण नव्हती.

"गोल्डन असता तर हातात दिली असती," मुलगा म्हणाला.

"हातात कोनाच्या?" काकाजींनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. "आता सांग, बेटा. तुझी शाळा किती वाजता?"

"दहाला."

"सुटते?"

"साडेचारला. मग शिकवणी."

"आईचं ऑफिस पावनेदहा. बाबा नवाले जाते. मंग तो कुत्रा दहापासून कोनाच्या तोंडाकडे पाह्यन?"

संध्याकाळभर मी टाळलेला प्रश्न तो हाच. जी माया आम्हाला त्याच्याकडून हवी आहे ती आली कुठून? दीडशे वर्षं माणसाच्या बाजूला बसून तो घडला. माणूस उठला की उठला, माणसाने हात पुढे केला की तोंडातलं दिलं. लॉर्ड ट्वीडमाउथच्या पिवळ्या कुत्र्यांना एकटं राहायला कोणी निवडलं नव्हतं. १९०८ साली ते प्रदर्शनात उतरले, १९२५ साली अमेरिकेच्या केनेल क्लबच्या वहीत चढले, राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांच्या घरात लिबर्टी म्हणून वावरले, पण त्यांची गरज बदलली नाही. आणि मी त्याला गोंदियातल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये, कूलर लावून, कुलूप घालून सात-साडेसात तास ठेवणार होते. गच्चीवरची ती वाटी मला डोळ्यांसमोर दिसली. वाटीऐवजी कूलर, एवढाच काय तो फरक.

मी मुलाकडे पाहिलं. मला वाटलं तो रडेल. तो रडला नाही. तो काकाजींच्या बाजेवर जाऊन बसला, ओल्या चड्डीसकट, आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही दुपारी काय करता?"

काकाजींनी उत्तर द्यायला वेळ लावला. काकी जाऊन चार वर्षं झाली. दुपारी ते काय करतात ते मला माहीत आहे. रेडिओ लावतात, आणि तो चालू ठेवून झोपून जातात.

मोत्या पुन्हा रांजणाखालच्या खळग्यात शिरला होता. काकाजी उठले, रांजणातला एक तांब्या पाणी घेऊन त्याच्या पाठीवर ओतलं, तांब्या उपडा घातला, आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "गोंदियाची सकाळची बस आता किती वाजता येते फाट्यावर?"

"साडेसातला," मी म्हटलं. "पण मोत्याचं काय?"

"त्याच इचारात आहो," ते म्हणाले, आणि बाजेवर बसून राहिले.